मलावीतल्या शाळेला मंडळीतर्फे भेट: पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

मलावी हा आफ्रिकेच्या आग्नेय भागातला चिंचोळा देश. समुद्र नाही, पण पूर्वेच्या अंगाला समुद्रासारखंच पसरलेलं सरोवर आहे. सेवेसाठी परदेशी जाणाऱ्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चच्या समुदायांमध्ये, या देशाचं नाव वारंवार निघतं. इंग्रजी ही राज्यकारभाराची भाषा आहे, लोक शांत आणि अगत्यशील आहेत, आणि शाळांची गरज डोळ्यांना दिसते. १९९४ साली सरकारने प्राथमिक शिक्षण मोफत केलं. शाळेतली मुलं वर्षभरात सुमारे १९ लाखांवरून ३० लाखांच्या आसपास गेली. वर्गखोल्या, शिक्षक आणि बाकं मात्र त्या वेगाने वाढली नाहीत, आणि ती तूट आजही पुरती भरून निघालेली नाही. पहिलीच्या वर्गात शंभरावर मुलं जमिनीवर बसलेली आणि समोर एकच बाई, असं चित्र खेड्यापाड्यांत सहज दिसतं. एका शिक्षकामागे साठ मुलं असावीत हे सरकारचं उद्दिष्ट आहे, आणि तेही अनेक ठिकाणी गाठलं जात नाही.

हे ऐकलं की मन कळवळतं आणि आपण बॅगा भरायला घेतो. त्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. त्या शंभर मुलांना उद्या, परवा आणि पुढच्या वर्षीसुद्धा त्याच बाई शिकवणार आहेत. तुम्ही आठ-दहा दिवसांनी निघून जाणार. तेव्हा तुमच्या भेटीनंतर मुलांच्या नजरेत बाईंचा मान वाढलेला असला पाहिजे, निदान घटलेला तरी नसावा. कुठलीही गोष्ट करावी की नाही असा प्रश्न पडला, तर या कसोटीवर घासून बघा. बहुतेक वेळा उत्तर लगेच मिळतं.

पहिली पायरी: बोलावणं कोणाचं आहे?

मलावीत ख्रिस्ती विश्वास तुमच्याबरोबर विमानातून उतरणार नाही, तो तिथे आधीपासून मुरलेला आहे. स्कॉटिश मिशनरी १८७५ साली सरोवराच्या दक्षिण टोकाला केप मॅक्लियरला उतरले. पुढच्याच वर्षी ब्लँटायरचं मिशन सुरू झालं. मिशनरी रॉबर्ट लॉज यांनी उत्तरेला लिव्हिंगस्टोनिया हे मिशनचं केंद्र उभं केलं आणि तिथून शिकून बाहेर पडलेल्या आफ्रिकी शिक्षकांनी गावोगावी शाळा काढल्या. जॉन चिलेंब्वे हे बाप्टिस्ट पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू. त्यांनीही शाळा चालवल्या आणि १९१५ साली वसाहतवाल्यांच्या जुलमाविरुद्ध उठाव केला. आज त्यांचा चेहरा नोटांवर आहे आणि १५ जानेवारीला त्यांच्या नावाची सार्वजनिक सुट्टी असते. १९२४ मध्ये लिव्हिंगस्टोनिया आणि ब्लँटायर इथल्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ सेंट्रल आफ्रिका प्रेस्बिटेरियन उभी राहिली. लोक तिला ‘सीसीएपी’ म्हणतात. रोमन कॅथलिक, अँग्लिकन, बाप्टिस्ट आणि सेव्हंथ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळ्याही मोठ्या आहेत.

हा इतिहास इथे सांगण्याचं कारण अगदी व्यावहारिक आहे. मलावीतल्या कितीतरी प्राथमिक शाळा चर्चच्या मालकीच्या आहेत, पण शिक्षकांचा पगार आणि अभ्यासक्रम सरकारचा. म्हणजे एका शाळेच्या दोन चाव्या दोन वेगळ्या हातांत असतात. स्थानिक पाळकांनी ‘या’ म्हटलं म्हणून मुख्याध्यापकांना तुम्ही हवे आहात असं होत नाही, आणि उलटही तसंच. दोघांशी बोला. पाळकांना तिथे ‘अबुसा’ म्हणतात. पत्रात हा शब्द वापरलात तर आपुलकी वाटते.

पाहुण्याला ‘नको’ म्हणणं मलावीत असभ्य मानलं जातं. त्यामुळे ‘आम्ही येऊ का?’ या प्रश्नाला होकारच येणार. प्रश्न वेगळ्या तऱ्हेने विचारा. ‘कोणत्या आठवड्यात आम्ही येऊ नये?’ ‘आधीच्या पाहुण्यांच्या वेळी शाळेला काय अडचण झाली?’ ‘आमच्यापैकी किती जण एका वेळी शाळेत आले तर बरं?’ अशा प्रश्नांना खरी उत्तरं मिळतात. गट लहान ठेवा. सहा माणसं पुष्कळ झाली. वीस जण उतरले की शाळेचा दिवस संपलाच.

दुसरी पायरी: केव्हा जायचं

शाळेचं वर्ष सप्टेंबरला सुरू होऊन जुलैमध्ये संपतं, मध्ये तीन सत्रं. आठवीच्या शेवटी प्राथमिक शाळा सोडण्याची राष्ट्रीय परीक्षा असते, अलीकडे ती बहुधा मे महिन्याच्या सुमाराला होते. माध्यमिक शाळेत जागा मिळणं या परीक्षेवर अवलंबून, त्यामुळे आठवीच्या वर्गाला त्या दिवसांत हातही लावू नका.

नोव्हेंबर ते एप्रिल पावसाळा. लाल मातीचे रस्ते चिखल होतात, गाड्या रुततात. जानेवारी ते मार्च हे पोटाचे कठीण महिने. गेल्या हंगामाचा मका संपलेला असतो आणि नवा कणसात भरत असतो. या दिवसांत गेलात तर तुमच्यासाठी कापलेली कोंबडी एखाद्या घराला फार महाग पडते, आणि ते तुम्हाला कळू देणार नाहीत. काढणीनंतरचा मे ते जुलै हा काळ कोरडा, थंड आणि जेवणाखाण्याच्या दृष्टीने सैल असतो. माझी शिफारस याच दिवसांची. ऑगस्टमध्ये शाळांना सुट्टी असते. मुलांना भेटायचं असेल तर तो महिना निरुपयोगी, पण शिक्षकांबरोबर दोन-तीन दिवसांचं प्रशिक्षण किंवा इमारतीची दुरुस्ती करायची असेल तर उत्तम.

तिसरी पायरी: कागदपत्रं

प्रत्येक जिल्ह्यात सरकारचा मुख्य शिक्षण अधिकारी असतो. पूर्वी त्याच्या ‘डिस्ट्रिक्ट एज्युकेशन मॅनेजर’ या हुद्द्याच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘डेम’ म्हणत. सरकारी अनुदान असलेल्या शाळेत जायचं तर मुख्याध्यापकांमार्फत या कार्यालयाला आधी पत्र गेलं पाहिजे: कोण येणार, किती दिवस, काय करणार. या पत्राची एक प्रत छापून जवळ ठेवा. व्हिसाचे नियम बदलत राहतात, म्हणून तिकीट काढण्याआधी मलावी सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा दूतावासात चौकशी करा आणि तिथे ‘शाळेत सेवाकार्य’ असंच खरं कारण सांगा. पर्यटक म्हणून शिरून शाळेत काम करणं हे खोटं बोलणंच आहे.

गटातल्या प्रत्येक प्रौढाचा पोलिसांकडचा चारित्र्य दाखला घ्या, आणि मुलांच्या सुरक्षिततेचे लेखी नियम बनवून सगळ्यांच्या सह्या घ्या. ‘आपल्या मंडळीतली माणसं आहेत, सगळे ओळखीचे’ हे उत्तर इथे चालत नाही. मुलांच्या संरक्षणासाठी मलावीचा स्वतःचा कायदा २०१० सालापासून आहे. नियम साधे असावेत: कोणीही एकट्या मुलाबरोबर एकांतात थांबायचं नाही, मुलांना गाडीतून न्यायचं नाही, फोन नंबर द्यायचा-घ्यायचा नाही, मुक्कामाच्या खोलीवर मुलांना बोलवायचं नाही.

चौथी पायरी: तब्येत

मलेरिया देशभर, बारा महिने आहे. प्रवास-आरोग्याच्या डॉक्टरांना निघण्याच्या दीड-दोन महिने आधी भेटा. प्रतिबंधक गोळ्या परतल्यानंतरही चालू ठेवाव्या लागतात. अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल असेल तर सात दिवस, डॉक्सिसायक्लिन असेल तर चार आठवडे. घरी पोचलो म्हणून मध्येच सोडू नका. परतल्यावर काही महिन्यांत ताप आला तर ‘मी मलावीला गेलो होतो’ हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा.

आदिस अबाबा किंवा नैरोबीवरून जाणार असाल तर पिवळ्या तापाच्या लशीचं प्रमाणपत्र लागेल का ते जाताना आणि परतताना, दोन्ही बाजूंचं तपासा. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं, पुढे ते आयुष्यभर चालतं. टायफॉइड, हिपॅटायटिस ए आणि धनुर्वात यांच्या लशींबद्दल विचारा. २०२२-२३ मध्ये मलावीत कॉलऱ्याची मोठी साथ आली आणि १७०० हून अधिक माणसं दगावली, म्हणून पाणी उकळलेलं किंवा सीलबंद बाटलीतलंच. सरोवराचं पाणी कितीही निळंशार दिसलं तरी उतरू नका. त्यात बिल्हार्झिया या रोगाचा परजीवी आहे आणि तो त्वचेतून शिरतो.

पाचवी पायरी: बॅगेत काय, आणि त्याहून महत्त्वाचं, काय नाही

जुने कपडे नेऊ नका. मलावीच्या बाजारात परदेशातून आलेल्या वापरलेल्या कपड्यांचे ढीगच्या ढीग असतात. त्यांना ‘कौंजिका’ म्हणतात आणि त्यावर तिथल्या कितीतरी विक्रेत्यांचं पोट चालतं. तुमची सुटकेसभर भर त्यात नको. गणवेश द्यायचे असतील तर गावच्या बाजारात दुकानाच्या ओट्यावर पायमशीन चालवणारे शिंपी बसलेले असतात, त्यांच्याकडून शिवून घ्या. मुलाला मापाचा गणवेश मिळतो आणि पैसा गावात राहतो.

परदेशी अभ्यासक्रमाची जुनी पाठ्यपुस्तकंही नकोत. ती मलावीच्या इयत्तांशी जुळत नाहीत आणि मुख्याध्यापकांच्या खोलीतली एकुलती एक मांडणी अडवून बसतात. वीज नसलेल्या शाळेला संगणक देण्याबद्दल वेगळं सांगायला नको. वह्या, खडू, पेन्सिली, मोजपट्ट्या हे सगळं लिलाँग्वे, ब्लँटायर किंवा म्झुझू या शहरांत ठोक भावाने मिळतं, तिथेच घ्या.

चॉकलेट-गोळ्यांचा विचार तर मनातही आणू नका. आठशे मुलांच्या शाळेत शंभर गोळ्या काढल्या की काय होतं ते एकदा डोळ्यांसमोर आणा. धाकटी पायाखाली येतात, दांडगी दोनदा घेतात, आणि शिक्षकांना छडी उगारून गर्दी आवरावी लागते. भेटीची आठवण म्हणून मुलांच्या मनात तेच राहतं.

न्यायचं काय? चांगला फुटबॉल, त्याचा पंप आणि दोन-तीन सुया, कारण चेंडू मिळतो पण सुई मोडली की खेळ बंद. बॅटरी, पॉवर बँक, ब्रिटिश पद्धतीचा तीन चौकोनी पिनांचा प्लग. टोपी, मजबूत बूट. स्त्रियांनी गुडघ्याखाली जाणारा झगा किंवा स्कर्ट घालावा. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष हेस्टिंग्ज बांडा यांच्या राजवटीत, म्हणजे १९९० च्या दशकापर्यंत, बायकांना पँट घालायला कायद्याने बंदी होती. तो कायदा गेला, शहरांत मुली जीन्स घालतात, पण खेड्यातल्या शाळेत आणि चर्चमध्ये जुनी मर्यादा अजून पाळली जाते. तिथे पोचल्यावर बाजारातून एक ‘चितेंजे’ घ्या. हे रंगीबेरंगी छापील कापड कमरेला गुंडाळलं की कुठेही बसता येतं.

सहावी पायरी: शाळेतला पहिला तास

सकाळी वर्ग लवकर भरतात, साधारण साडेसातच्या सुमाराला. त्याआधी पोचा, पण थेट वर्गाकडे जाऊ नका. आधी गावच्या प्रमुखाला, म्हणजे ‘म्फुमू’ला, भेटणं झालेलं असावं. पाळक ते जुळवून देतात. हा निव्वळ शिष्टाचार नाही. २०१७ साली दक्षिण मलावीत, मुलांझे आणि फालोंबेच्या बाजूला, रक्त शोषणारी माणसं फिरतात अशी अफवा पसरली होती. जमावाने काही जणांना ठार मारलं आणि संयुक्त राष्ट्रांनी आपले कर्मचारी तिथून हलवले. अनोळखी गाडीतून आलेली अनोळखी माणसं मुलांजवळ दिसली की भीती वाटणं साहजिक आहे. प्रमुखाला माहीत असलं की गावाला माहीत असतं. याच कारणाने शाळेत आरोग्य तपासणी, रक्ताची चाचणी, गोळ्यावाटप असलं काहीही आपल्या मनाने करू नका. त्यासाठी जिल्हा रुग्णालयाची परवानगी आणि नोंदणी झालेले डॉक्टर हवेत.

मग मुख्याध्यापकांची खोली. तिथे अभ्यागतांची वही समोर येईल. नाव, गाव, तारीख, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात मनापासून दोन शब्द लिहा, कारण पुढचा तपासनीस ही वही उघडतो. मग प्रत्येकाशी हस्तांदोलन. डाव्या हाताने उजव्या कोपराला आधार देऊन हात पुढे केला की तो आदर समजला जातो. ‘मुली ब्वांजी?’ म्हणजे कसे आहात. उत्तर ‘न्दिली ब्विनो, काया इनु?’, म्हणजे मी बरा आहे, आणि तुम्ही? आभाराला ‘झिकोमो’. उत्तरेत तुंबुका बोलतात, सरोवराच्या दक्षिणेकडे याओ, पण चिचेवा या देशभर चालणाऱ्या भाषेतले एवढे शब्द सगळीकडे गोड लागतात. घाईने कामाचं बोलू नका. प्रकृतीची, प्रवासाची, घरच्यांची चौकशी होईपर्यंत काम सुरू होत नाही.

मुलं तुम्हाला पाहून ‘अझुंगू!’ ओरडतील. हा गोऱ्यांसाठीचा शब्द. भारतीय चेहऱ्यांसाठी ‘अम्वेन्ये’ म्हणतात, कारण पिढ्यानपिढ्या व्यापार करणारे भारतीय वंशाचे लोक तिथल्या शहरांत आहेत. रागवण्यासारखं त्यात काही नाही. पण लक्षात ठेवा, तुमच्याकडे पाहताना लोकांच्या मनात दुकानदार-गिऱ्हाईक हे नातं आधी येऊ शकतं. ते तुमच्या वागण्यानेच बदलेल.

परिपाठाला प्रार्थना आणि राष्ट्रगीत होतं. राष्ट्रगीत हीसुद्धा देवाला केलेली प्रार्थनाच आहे. स्तब्ध उभे राहा, फोन खिशात.

सातवी पायरी: वर्गात

पहिला दिवस फक्त बघण्याचा. मागच्या भिंतीला टेकून, मुलांसारखंच जमिनीवर बसा. शिक्षकांच्या खुर्चीवर कधीही बसू नका, ती पुढे केली तरीसुद्धा नम्रपणे परत करा.

मग बघा काय चाललंय ते. दुसरीचा वर्ग आहे. भिंतीवर सिमेंटचा काळा फळा, मधोमध पोपडा गेलेला. बाईंनी एका पोत्यातून बाटल्यांची झाकणं जमिनीवर ओतली. मक्याच्या ताटांच्या कांड्या दहा-दहाच्या मोळ्या बांधून तयार आहेत. एका मुलाला पुढे बोलावलं: दोन मोळ्या आणि सात झाकणं, किती? तो अडखळला. बाईंनी उत्तर सांगितलं नाही, दुसऱ्या मुलीला त्याच्या शेजारी उभं केलं. दोघांनी मिळून मोजलं, सत्तावीस. सगळ्या वर्गाने ठरलेल्या तालात टाळ्या वाजवल्या आणि मुलगा हसत जागेवर गेला. शंभर मुलांत एकही आवाज वाया गेला नाही. मलावीत शिक्षकांना प्रशिक्षणात हेच शिकवतात: हाताशी मिळणाऱ्या वस्तूंपासून शिकवण्याची साधनं करा. या पद्धतीला तिथे ‘तालुलार’ असं नावच आहे. आपण प्लास्टिकचे रंगीत मणी घेऊन जातो तेव्हा या बाईंना काय शिकवायला निघालो आहोत, याचा विचार करावा.

दुसऱ्या दिवसापासून मदत मागितली तर करा. वह्या तपासणं, मागे पडलेल्या पाच-सहा मुलांना झाडाखाली बसवून वाचून घेणं, फळ्यावरचं चित्र मोठं काढून देणं. इंग्रजी उच्चारांच्या सरावासाठी मोठ्या इयत्तांत तुमचा उपयोग होईल. बोला हळू, वाक्यं छोटी. खालच्या इयत्तांची मुलं इंग्रजीपेक्षा चिचेवा किंवा घरची भाषाच समजतात, त्यामुळे तिथे शिक्षक बोलतील आणि तुम्ही ऐकाल. गाणी, खेळ मधल्या सुट्टीत. त्या सुट्टीत अनेक शाळांत लापशी मिळते, मका आणि सोयाच्या पिठाची. पहाटेपासून मुलांच्या आया मोठ्या पातेल्यांत ती ढवळत असतात. मेरीज मील्स ही संस्था २००२ साली मलावीतूनच असं जेवण देऊ लागली. पळी हातात घेऊन वाढायला उभं राहण्याचा मोह होईल. आधी त्या आयांना विचारा. जळण आणून देणं, पातेली घासणं ही कामंही तिथेच पडलेली असतात, आणि ती केलीत तर त्या बायका तुमच्याशी मनमोकळं बोलू लागतात.

शिक्षकाची चूक दिसली तर मुलांसमोर दुरुस्त करायची नाही. छडीचा मार दिसला तर गप्प बसायचं असंही नाही. त्याच दिवशी, एकांतात, मुख्याध्यापकांशी आणि अबुसांशी बोला. गोष्ट गंभीर असेल, तर जिल्हा कार्यालयापर्यंत कशी पोचवायची ते त्यांच्याकडूनच समजून घ्या.

आठवी पायरी: सुवार्ता आणि प्रार्थना

इथे मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण आपण जातो ते प्रभूच्या नावाने जातो.

शाळेत सगळीच मुलं ख्रिस्ती घरांतली नसतात. मंगोची, माचिंगा या भागांत याओ मुस्लिम वस्ती मोठी आहे, आणि चर्चच्या मालकीच्या शाळेतसुद्धा ती मुलं शिकतात. वह्या आणि गणवेश वाटत असताना ‘येशूला कोण स्वीकारतं, हात वर करा’ असं म्हटलं तर सगळे हात वर होतील. ते हात वह्यांसाठी आहेत की प्रभूसाठी, हे आपल्यालाही कळणार नाही आणि मुलांनाही. मुलांच्या विवेकाचं, धर्माचं स्वातंत्र्य संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात आहे, मलावीने तो करार मान्य केला आहे, आणि लेकरांना आपल्या विश्वासात वाढवणं हा पालकांचा हक्क आहे. विश्वासाला आमिष लावणं हा प्रभूचा अपमान आहे असं मी मानतो. देण्याची वेळ आणि वचनाची वेळ वेगवेगळी ठेवा, दिवसही वेगळे.

धर्मशिक्षणाच्या तासाला शिक्षकांनी बोलावलं तर शास्त्रातली एखादी गोष्ट जरूर सांगा. साक्ष द्यायची, उपदेश करायचा तो रविवारी, चर्चमध्ये, अबुसांनी वेळ दिली तर. दुभाषा असेल, म्हणून दहा मिनिटांचं तयार केलेलं बोलणं वीस मिनिटं घेतं. एक वाक्य बोला, थांबा. म्हणी आणि शाब्दिक कोट्या भाषांतरात मरतात. उपासना दोन-तीन तास चालेल. एकामागून एक गायकवृंद उभे राहतील, अर्पण द्यायला लोक नाचत पुढे येतील. त्यांच्या प्रार्थना ऐका. ज्यांच्या घरात मार्चमध्ये पीठ नसतं त्यांचे उपकारस्तुतीचे शब्द ऐकल्यावर कोण कोणाला सुवार्ता सांगायला आलं आहे, हा प्रश्न मनात येतो, आणि तो यावा.

शिक्षकांसाठी प्रार्थना करा, त्यांची नावं घेऊन. परवानगी घेऊन त्यांच्या खोलीत, दुपारी शाळा सुटल्यावर. शंभर मुलांना एकट्याने सांभाळणाऱ्या माणसाला आपल्यासाठी कोणी थांबून प्रार्थना केली याचं मोल फार असतं.

नववी पायरी: फोटो

आधी मुख्याध्यापकांची परवानगी, आणि चेहरा ओळखू येईल असा फोटो वापरायचा तर पालकांचीही. फाटके कपडे, वाहतं नाक, रिकामं भांडं यांचे फोटो काढू नका. स्वतःच्या लेकराचा जो फोटो मंडळीच्या पडद्यावर दाखवला तर तुम्हाला लाज वाटेल, तो दुसऱ्याच्या लेकराचाही नको. नाव, गाव आणि चेहरा तिन्ही एकत्र कुठेही टाकू नका. मुलांना कडेवर घेऊन काढलेले सेल्फी तर पूर्ण बंद. शिक्षक शिकवत असतानाचा, मुलं फळ्याकडे बघतानाचा एखादा चांगला फोटो काढा आणि त्याची छापील प्रत शाळेला पाठवा. ती वर्षानुवर्षं भिंतीवर राहते.

दहावी पायरी: देणगी

मुलांच्या हातात काहीही देऊ नका. जे द्यायचं ते मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समिती आणि पालकांचे प्रतिनिधी यांच्यासमोर, साठानोंदवहीत लिहून. वाटप तुमच्या हातून व्हायची गरज नाही. तुम्ही गेल्यावर बाईंनी वह्या वाटल्या तर त्या बाईंच्या वह्या होतात.

काय द्यायचं हे ठरवण्यासाठी शाळेचा सुधारणा आराखडा मागा. सरकारी अनुदानासाठी शाळांना तो करावा लागतो आणि त्यात गरजा क्रमाने लिहिलेल्या असतात. बहुधा तुमच्या मनातल्या यादीपेक्षा ती यादी वेगळी निघते. आपल्याला वाचनालय सुचतं, त्यांना मुलींसाठी दार आणि कडी असलेलं शौचालय हवं असतं. शिक्षकांसाठी घर हे नाव पुन्हा पुन्हा येईल, आणि ते गांभीर्याने घ्या. दूरच्या खेड्यात राहायला घर नसलं की शिक्षक बदली मागतो, आणि घर असलं की टिकतो. एका घराने एक शिक्षक वर्षानुवर्षं गावात राहणार असेल तर त्यापेक्षा मोठी देणगी मला सुचत नाही. बांधकामात गाव विटा आणि वाळू देतं, ही तिथली रीत आहे. ती मोडू नका. विटा पाडायचं काम गावाचं, सिमेंट आणि पत्रे तुमचे, असं जुळलं की इमारत गावाची राहते. हातपंप बसवणार असाल तर दुरुस्ती कोण करणार आणि सुटे भाग कुठे मिळतात हे आधी विचारा. आफ्रिदेव्ह बनावटीचे पंप तिथे सर्रास आहेत, त्यांचे भागही मिळतात. वेगळ्याच देशाचा पंप आणाल तर तो पहिल्या बिघाडापर्यंतच चालेल.

पैसे शाळेच्या किंवा मंडळीच्या बँक खात्यात, दोन सह्यांच्या व्यवहाराने. पावती मागायला संकोच नको. प्रामाणिक मुख्याध्यापकाला पावतीने संरक्षणच मिळतं. खर्चासाठी डॉलरच्या नव्या, न दुमडलेल्या नोटा न्या आणि अधिकृत ठिकाणीच क्वाचात, म्हणजे तिथल्या चलनात, बदला.

एखादं मूल घडी घातलेली चिठ्ठी हातात सरकवेल: पुढच्या शिक्षणाचा खर्च उचलाल का? काळीज हलतं. तरीही तिथल्या तिथे ‘हो’ म्हणू नका, ‘बघू’ही नका, कारण मुलं ‘बघू’चा अर्थ ‘हो’ असाच घेतात. चिठ्ठी अबुसांकडे द्या. मदत करायचीच असेल तर मंडळीने शाळेबरोबर मिळून एक निधी ठेवावा आणि कोणाला द्यायचं ते तिथल्या समितीने ठरवावं.

अकरावी पायरी: मुक्काम, जेवण, रस्ता

न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि बरोबर भाजी, घेवडा किंवा मासा. आधी कोणीतरी तुमच्या हातांवर पाणी ओतेल. उजव्या हाताने गोळी करून कालवणात बुडवून खा. वाढलेलं थोडं तरी खाल्लंच पाहिजे. घ्यायचं ते दोन्ही हातांनी. अंधार लवकर पडतो आणि रस्त्यावर दिवा नसलेल्या सायकली, शेळ्या, पायी चालणारी माणसं असतात, त्यामुळे सूर्य मावळल्यावर गाडीप्रवास नाही. डिझेल-पेट्रोलची टंचाई अधूनमधून होते. कार्यक्रमात एक दिवस मोकळा ठेवा.

बारावी पायरी: परतल्यावर

पंधरा दिवसांत मुख्याध्यापकांना पत्र लिहा. कबूल केलेली प्रत्येक गोष्ट त्यात तारखेसह असावी, आणि जे जमणार नाही तेही स्पष्ट. मंडळीत अहवाल वाचण्याआधी त्याची प्रत त्यांना आणि अबुसांना पाठवा, आणि ‘यात काही चुकलंय का?’ असं विचारा. उत्तर येईपर्यंत फोटोही दाखवू नका. पुढच्या वर्षी नव्या शाळेकडे धावण्यापेक्षा याच शाळेशी नातं धरून ठेवा. सत्राच्या सुरुवातीला एक फोन आणि आठवीच्या निकालाच्या वेळी दुसरा, एवढं तर कोणत्याही मंडळीला जमतं. फोन करताना वेळेचं बघा: तिथे दुपारी शाळा सुटल्यानंतरचा तास मुख्याध्यापकांना सोयीचा असतो, सकाळी ते वर्गात असतात.